पेद्रूसाठी शांत घर

सांगतो, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागे एकाला हीच गजाल सांगत होतो, तर त्याच्या नाकातून चहा आला आणि शर्ट माझा खराब झाला. फजिती माझी, शर्टही माझाच.

माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात. एसटीत कंट्रोलर होतो. स्टँडवर मला माईक कधी लागलाच नाही. 'कणकवली, कसाल मार्गे' असं मी एकदा म्हटलं की फलाटावरचे उठायचेच, पण समोरच्या खानावळीत सोलकढीपर्यंत पोचलेले पण हात धुवायला धावायचे. निवृत्त झालो तेव्हा टोपी, शिट्टी सगळं जमा करून घेतलं. आवाज कोणी मागितला नाही. तो माझ्याबरोबर घरी आला.

मोबाईल सगळीकडे आले होते, पण आमच्या गावात रेंज फक्त देवळाच्या पायरीवर मिळायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. कसालजवळच्या माळावर लोबोबाई म्हणून एक बाई टाकून दिलेली कुत्री सांभाळायच्या. पत्र्याची शेड, चिऱ्यांचं कुंपण, बस्स. आमच्या सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, तिथे जुनी पोती पोचवायला मला पाठवलं. कोपऱ्यात एक तांबूस रंगाचं तरणं कुत्रं भिंतीत शिरायच्या बेताने बसलेलं. नाव पेद्रू. बाकीची कुत्री त्याच्या थाळीतला भात खात होती आणि तो खाऊ देत होता.

"हा इथे जगायचा नाही," लोबोबाई म्हणाल्या. "मोठी कुत्री चावतात, हा खातपीत नाही. ह्याला घर पाहिजे. श्रीमंत नको, मोठं नको. शांत पाहिजे."

"शांत ना? सोडा माझ्यावर," मी म्हटलं. "अख्खा तालुका मला ओळखतो."

त्याबरोबर शेडमधली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. मला वाटलं, आनंदाने.

ठरलं ते असं, की घर मिळेपर्यंत पेद्रू आमच्याकडे राहणार. नाहीच मिळालं तर परत शेडमध्ये, त्या चावऱ्या टोळीत.

आमच्याकडे आला तो थेट कॉटखाली गेला. भूक लागली की बाहेर यायचा, दोन घास खायचा. तेवढ्यात कुकरची शिटी झाली की कॉटखाली. माडावरून नारळ पडला की कॉटखाली. फोन वाजला, कॉटखाली. दारात मासेवाली आली, कॉटखाली. मी चार दिवस बारकाईने लक्ष ठेवलं आणि निदान केलं, की ह्या कुत्र्याला कुकर, नारळ, फोन आणि मासे यांची भीती आहे. निदान झालं की ते लोकांना सांगावं लागतं. मी सांगत सुटलो. मालवणच्या किनाऱ्यावर माशाला भिणारं कुत्रं कोणी ऐकलंय का कधी? माणसं वाट वाकडी करून बघायला यायला लागली. येणाऱ्या प्रत्येकाला मी अंगणातूनच हाक मारून बोलवायचो. पेद्रूचं कॉटखालचं राहणं वाढलं.

मग मी स्थळं बघायला घेतली. हो, स्थळंच. मुलीचं लग्न जमवताना केल्या नव्हत्या एवढ्या चौकशा मी त्या कुत्र्यासाठी केल्या.

पहिलं स्थळ किनाऱ्यावरच्या होडीवाल्या तांडेलांचं. त्यांच्या सुनेने, शेलवाने, पेद्रूपुढे बांगड्याचं डोकं टाकलं. त्याने हुंगलं, खाल्लं आणि चक्क शेपटी हलवली. "बरो आसा हो," शेलवा म्हणाली. "ऱ्हवांदे हंयच."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण स्थळ पक्कं होताना मुलाकडची माहिती नको द्यायला? मी पेद्रूचे गुण सांगायला सुरुवात केली. समुद्राची गाज होती, म्हणून आवाज थोडा चढवला. पेद्रू उपड्या होडीखाली शिरला तो शिरलाच. शेवटी तांडेलाच्या माणसांनी होडी उचलून त्याला काढला. "दर्यार आमची माणसां आराडतत ती काय कमी आसत," शेलवा म्हणाली, "ह्येका हंय जमाचा नाय."

मी निदान सुधारलं. मासे वगळले, समुद्र घातला.

दुसरं स्थळ म्हणजे मुंबईचे सावंत. त्यांनी गावात नवा बंगला बांधला होता, आरसा लाजेल अशा लाद्यांचा. गणपती आणि मे महिना सोडला तर बंगल्याला कुलूप. त्यांना राखणीला कुत्रा हवा होता. म्हणजे प्रेम हे गणपतीत करणार, आणि उरलेलं वर्ष कुत्र्याने बंद दाराकडे बघत काढायचं. असल्या घरात मी मांजरसुद्धा देऊ नये. पण शेजारी एक म्हातारा माळी राहायचा, तो दोन घास घालेल, आणि स्थळ हातचं जाऊ नये असं मनात आलं.

"भुंकता मां?" सावंतांनी विचारलं. "नायतर कुत्रो असान उपेग काय?"

पेद्रू माझ्या पायांमागे गप्प. आता मुलगी लाजत असेल तर तिच्या हातची पुरणपोळी आईने करून दाखवायचीच असते. "भुंकता म्हणजे?" मी म्हटलं, आणि भुंकून दाखवलं. मनापासून भुंकलो. आत झोपलेली सावंतांची नात किंचाळून उठली, वाडीतली यच्चयावत कुत्री जागी झाली, आणि पेद्रूने त्या आरशासारख्या लादीवर तळं केलं.

सावंत शांतपणे म्हणाले, "कुत्रो नको. तुमीच येतात काय राखणेक?"

असं करत मी गावातली सगळी घरं पालथी घातली. एक सोडून. आमच्या बाजूचं. तिथे माझा थोरला चुलतभाऊ आबा राहतो. बांधावर एक फणस आहे. तो म्हणतो त्याच्या बाजूला, मी म्हणतो माझ्या. त्यावरून आमचं बोलणं बंद होतं. फणस दरवर्षी लागायचे, पिकायचे, पडायचे आणि सडायचे, पण दोघांपैकी एकही जण गरा तोंडात घालत नसे. इकडचे त्याला तत्त्व म्हणतात. आबाची बायको गेलेली, मुलगे मुंबईला. माझ्या धाकाने वाडीतलं कोणी त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, फिरकत नसे.

शेवटी लोबोबाईंचा निरोप आला, की रविवारी पेद्रूला न्यायला येते. खरं सांगतो, कॉटखालून तो माझ्याकडे बघायचा ना, तेव्हा मला त्याची माया लागली होती. तो परत त्या शेडमध्ये जाणार, आणि अख्खा तालुका ओळखणारा मी त्याला एक ओटी मिळवून देऊ शकलो नाही, ह्याची लाज वाटत होती.

मग मला सुचलं. गाऱ्हाणं.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पान हलत नाही. होडी पाण्यात घालायची, गाऱ्हाणं. क्रिकेटचे सामने, गाऱ्हाणं. एसटी सुरू झाली तेव्हा घातलं, बंद पडली तेव्हाही घातलं. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून ओरडायचं. गावात गाऱ्हाणं कोण घालतं, हे तुम्ही विचारणार नाही असं धरून चालतो.

रविवारी सकाळी देवळापुढे निम्मं गाव जमवलं. मध्ये पेद्रू, सुतळीने बांधलेला. लोबोबाई रिक्षातून उतरल्या आणि गर्दी बघून थबकल्या. "अहो, हे काय? तो घाबरेल."

"सगळा विचार केलाय," मी म्हटलं. "ढोल मुद्दाम आणू दिला नाही."

आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" निम्मं गाव.

"ह्या पेद्रू नावाच्या मुक्या जनावराक आज तुझ्या पायाकडे आणलेला आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"जंय तेच्या जिवाक शांती मिळात, थंय तेका तूच पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि मी नारळ पायरीवर आपटला.

सुतळी तुटली. पेद्रू माणसांच्या पायांतून निघाला तो दिसेनासा झाला. देवाने एवढ्या तातडीने काम हाती घेतल्याचं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी गाव डोक्यावर घेतलं. 'पेद्रूऽऽ' म्हणून बंदराकडे ओरडलो, मळ्यात ओरडलो, तळीवर ओरडलो. लोबोबाई मागून पळत म्हणत होत्या, "अहो, हळू." पण हरवलेल्याला हळू कसं शोधायचं? दुपार झाली. घसा बसत आला, पेद्रूचा पत्ता नाही. बाईंचे डोळे भरले होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

घरी आलो तर सुमन बांधावर उभी. तिने नुसती मान पलीकडे केली.

आबाच्या पडवीत आबा पलंगावर बसून सुपारी कातरत होता, आणि त्याच्या पायावर मान टाकून पेद्रू गाढ झोपला होता. चारही पाय सैल सोडून. आमच्याकडे तो असा एकदाही झोपला नव्हता.

फणसाला वळसा घालून मी बांध ओलांडला. इतक्या वर्षांनी भावाच्या खळ्यात पाय ठेवला, आणि मी म्हटलं, "आबा!"

पेद्रू पलंगाखाली.

आबाने अडकित्ता खाली ठेवला. "हळू," तो म्हणाला. एवढाच. कित्येक वर्षांनंतर भाऊ माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"तेका लय गोष्टींची भीती आसा," मी समजावलं. "कुकर, नारळ..."

"सकाळपासून हंय चार नारळ पडले," आबा म्हणाला. "कुकरात भात केलंय. तो हालूक नाय. आता भियालो, तू इलंस तेवां."

मागोमाग आलेल्या लोबोबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी बांधावरच्या सुमनकडे बघितलं, ती माझी बाजू घेईल म्हणून.

"कुकरची शिटी झाली काय तुमी ओटयेर बसान आराडतात, गॅस बंद कर म्हणान," सुमन म्हणाली. "नारळ पडलो काय गड्याक हाक मारतात. फोन वाजलो काय हॅलो असा म्हणतात, मुंबैचो माणूस तारेबिगर आयकात. आणि मासेवालीवांगडा भाव करतात तो बंदरार आयकाक येता."

"मग हा आदी कित्याक नाय सांगलंस?"

"सांगतंय खंय? तुमी बोलूचे थांबतात खंय?"

लोबोबाईंनी आबाला दोनच गोष्टी विचारल्या, आबाने दोन शब्दांत उत्तरं दिली, आणि पेद्रूचं घर ठरलं. अख्ख्या तालुक्यात शांत घर एकच निघालं, आणि ते शांत का होतं? तर मी तिथे जात नव्हतो.

आता रोज संध्याकाळी मी आबाकडे जातो. पेद्रूला भेटायला. अट एकच, तोंड उघडायचं नाही. मी बसतो, आबा सुपारी देतो, पेद्रू हळूहळू माझ्यापर्यंत येतो आणि चप्पल हुंगतो. फणसाचा वाद मिटला का म्हणता? मिटला नाही, चालवता येत नाही. कुजबुजत भांडून बघा कधी, पाच मिनिटांत आपल्यालाच हसू येतं. यंदा फणस आबाने फोडला आणि गरे दोन्ही घरांत गेले.

एका सकाळी सुमन पिशवीत नारळ घालून देवळाकडे निघाली. पेद्रूचा नवस फेडायला, असं मी समजलो.

"पेद्रूचो न्हय, तुमचो," ती म्हणाली. "त्या दिवशी सगळी व्हय म्हाराजा म्हणत होती, तेवां मी मनात म्हटलंय, म्हाराजा, ह्यांचो आवाज जरा कमी कर. आता रोज घटकाभर गप बसतात. पावलो देव."

"काऽऽय?" मी म्हटलं.

बांधापलीकडे आबाच्या पडवीत काहीतरी धडपडत पलंगाखाली गेलं.

सुमनने पिशवीतून नारळ काढला आणि परत फळीवर ठेवला. "ऱ्हवांदे," ती म्हणाली. "देवाचा काम अजून अर्धाच झाला."