आमच्या नळीवर सगळं बसतं

लेथखाली धातूच्या चिप्स साचतात तसे वर्कशॉपमध्ये किस्से साचतात. सकाळी झाडावं, संध्याकाळी पुन्हा ढीग. मी अकरा वर्षं सिंगापूरला, आंग मो किओतल्या एका छोट्या प्रिसिजन वर्कशॉपमध्ये क्वालिटीत आहे. शनिवारी पुंगोलला आमच्या फ्लॅटवर मंडळी जमली की चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, “केळकर, तुमच्या त्या बंदूकवाल्यांचं सांगा की.” मी सांगतो. लोक हसतात. हसू देत.

आधीच सांगतो, आम्ही बंदुका बनवत नाही. न्यूझीलंडच्या एका गिऱ्हाइकासाठी शिकारीच्या रायफलीवर बसवायचे साउंड मॉडरेटर, म्हणजे सायलेन्सर, बनवतो. रीतसर परवाने, रीतसर कागद. इथल्या पोरांना दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात, म्हणून आमच्या मशीनवाल्यांनी लष्करी रायफल धरलेली असते. पण शिकारीची रायफल? चाळीस माणसांत एकानेही पाहिलेली नाही. आणि घडवतोय काय, तर तिचाच भाग!

*

पहिल्याच दिवशी मी आमच्या बॉसला, मिस्टर टॅनना, व्हिजिटिंग कार्ड दिलं. पुण्यात देतात तसं, एका हाताने. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला परत दाराबाहेर पाठवलं. मी बाहेर गेलो, दार वाजवलं, आत आलो आणि दोन्ही हातांनी कार्ड दिलं. त्यांनीही दोन्ही हातांनी घेतलं.

“Card is the person,” ते म्हणाले. “Two hands, always.”

तेव्हापासून मी कार्ड, कागद, चहाचा कप, काहीही दोन्ही हातांनीच देतो. बायको म्हणते, तू भाजीची पिशवीसुद्धा आरतीच्या तबकासारखी धरतोस.

*

गणपतीला मंडळाच्या जेवणात एका बँकवाल्याने विचारलं, “सायलेन्सर म्हणजे खुनाबिनाला लागतो तो का हो?” आणि पानातला मोदक घेऊन तो हळूच दोन खुर्च्या लांब सरकला.

त्याला उत्तर दिलं साठेसाहेबांनी. साठेसाहेब म्हणजे आमचे सीनिअर इन्स्पेक्टर. भोसरीत पंचवीस वर्षं मापं घेतलेला माणूस. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी पन्नाशीत एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, घेऊन आला होता. ते म्हणाले, बंदूक काही त्याने मुकी होत नाही. शिकाऱ्याचे कान वाचतात, धक्का कमी बसतो, एवढंच. मात्र नीट बसलेला हवा. नळी आणि मॉडरेटर एका रेषेत नसले की आधी नेम चुकतो. फारच वाकडा असला तर गोळी आतल्या पडद्याला घासते आणि डबा फुटतो. आमचं मॉडेल तर निम्मं नळीवरून मागे येणारं, म्हणजे शिकाऱ्याचा डावा हात त्याच्या अगदी लगत.

बँकवाला आणखी एक खुर्ची सरकला.

*

साठेसाहेबांचं आणि मशीनवाल्यांचं रोज वाजायचं. आटे गेजमध्ये बरोबर जायचे, मशीनवाले म्हणायचे पास. साठेसाहेब म्हणायचे, आटे नुसते जुळवतात, सरळ बसवतो तो खांदा. मॉडरेटर ज्या कडेवर टेकतो ती कड आट्यांशी काटकोनात हवी. ड्रॉइंगवर ती मागितलेली नव्हती. त्यामुळे ती तपासायचं कारणच कोणाला दिसेना.

एकदा कॅन्टीनमध्ये त्यांनी आपला डबा मुद्दाम तिरपा बंद केला आणि माझ्या हातात दिला.

“मुकुंदा, झाकण वाकडं लागलं तरी लागतंच. आमटी पिशवीत गेल्यावर कळतं.”

तो डबा मी विसरून बॅगेत टाकला. एमआरटी मेट्रोत माझ्या लॅपटॉपला आमटीची अंघोळ झाली. हा किस्सा सगळ्यांना आवडतो. माझी लेक तर मैत्रिणींना सांगते, “Papa's office very funny lah.”

*

मग गिऱ्हाइकाने कळवलं की प्रत्येक नग नळीवर बसवून तपासा. खरी नळी आणायची म्हणजे परवान्यांची नवी यात्रा. मिस्टर टॅन म्हणाले, डमी नळी बनवू. बनवली. कुठे? ज्या लेथवर मॉडरेटर व्हायचे त्याच लेथवर, त्याच सेटिंगला!

लेथ एका बाजूला तिरका कापत होता, डमीही तशीच तिरकी झाली. वाकड्यावर वाकडं असं काही फिट बसायला लागलं की बघत राहावं. महिनाभर एक नग रिजेक्ट नाही. मिस्टर टॅननी केक आणला.

साठेसाहेबांनी केक खाल्ला नाही. शेजारच्या ब्लॉकमधल्या टूलरूमवाल्याला चार वेळा गाठून त्यांनी दुसऱ्या मशीनवर दुसरी नळी करून घेतली. तिच्यावर आमचे मॉडरेटर मान वाकडी केल्यासारखे बसले. फटीत फीलर गेजची पातळ मोजपट्टी सहज जात होती. त्यांनी ती मिस्टर टॅनना दाखवली.

मिस्टर टॅननी दोन्ही नळ्या हातात घेऊन नीट विचार केला. “Our barrel, all pass. Your barrel, all fail. So your barrel no good, lah.”

दुसरी नळी भंगारात गेली. पहिली अजून रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात आहे. खाली पितळी पट्टी आहे, शून्य दोष म्हणून.

*

न्यूझीलंडहून मेल आली. मॉडरेटर काढून परत लावला की नेम सरकतो. एकदा डावीकडे, एकदा खाली. मिस्टर टॅननी मला बोलावून उत्तर सांगितलं, ग्राहकाने मॉडरेटर नीट घट्ट करावा. वर म्हणाले, मी सैन्यात दोन वर्षं काढली आहेत, रायफल मला कळते.

मग प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी जायला लागली, ‘वापरण्यापूर्वी घट्ट बसवा.’ शब्द माझे. इंग्रजी चांगलं म्हणून कौतुकही झालं. वाकडी वस्तू जितकी घट्ट कराल तितकी वाकडीच राहते, हे मला ती चिठ्ठी लिहिताना पक्कं ठाऊक होतं.

*

पुढच्या दोनशे नगांच्या लॉटवर साठेसाहेबांनी सही केली नाही. आवाज चढवला नाही, भांडले नाहीत. पेन खिशाला लावलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. त्याच महिन्यात त्यांचा पास रिन्यू व्हायचा होता. माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज आत होता, आणि अर्जासोबत कंपनीचं पत्र लागतं.

त्या लॉटचं सर्टिफिकेट सहीसाठी माझ्याकडे आलं. मिस्टर टॅननी ते दोन्ही हातांनी दिलं.

मी सही केल्यावर साठेसाहेब माझ्या टेबलापाशी आले.

“माप घेतलंस का, मुकुंदा?”

“नाही.”

“मग आता घेऊही नकोस. निदान आयुष्यभर म्हणता येईल, मला माहीत नव्हतं म्हणून.”

मला त्यांचा भयंकर राग आला. आज कळतं तो राग कोणाचा होता, पण तेव्हा मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नाही.

त्यांचा पास कंपनीने रिन्यू केला नाही. निरोपाला पुन्हा केक. भाषणात मिस्टर टॅन म्हणाले, मिस्टर साठे हे फार काळजीपूर्वक काम करणारे गृहस्थ. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. त्यांच्या मुलाचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते भोसरीत परत नोकरीला लागले, एका शेडमध्ये, आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली. जाताना फीलर गेज माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेले. मी ती उघडलेली नाही.

माझं पीआर झालं. आम्ही लिटिल इंडियातून पेढे आणले.

*

मागच्या महिन्यात न्यूझीलंडचं गिऱ्हाईक स्वतः आलं, न कळवता. साठीचा, उंच, उन्हाने रापलेला माणूस. मिस्टर टॅननी त्याला पितळी पट्टीचं कपाट दाखवलं. तो बराच वेळ त्या नळीकडे बघत उभा राहिला. डावा हात कोटाच्या खिशात होता.

मिस्टर टॅननी दोन्ही हातांनी कार्ड दिलं. त्याने उजव्या हाताने घेतलं आणि न वाचताच खिशात टाकलं. मिस्टर टॅनचा चेहरा पडला. माझ्या कानाशी लागून म्हणाले, “No manners, this one.”

पाहुण्याने आतल्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून एका हाताने उलगडला. त्या दोनशे नगांच्या लॉटचं सर्टिफिकेट होतं. त्यावरचं नाव त्याने सावकाश, अडखळत वाचलं आणि विचारलं, हे कोण?

मी पुढे झालो. सवयीने कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी धरलं.

त्याने ते माझ्या हातातच असताना वाचलं, मग कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. उजव्या हाताने त्याने कार्डाचा एक कोपरा धरला. मग डावा हात खिशातून बाहेर आला आणि त्याने दुसरा कोपरा धरला, अंगठा आणि करंगळीने. मधली बोटं नव्हती.

“Two hands,” तो म्हणाला. “Isn't that how you do it here?”