बायकांच्या खोलीतला फोटो

शुक्रवारी आपा वारली. आज तिचा डिजिटल कॅमेरा कपाटात सापडला आणि महाडमधलं शेजारचं लग्न आठवलं. बायकांच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर चालत नसे, म्हणून ते काम माझ्या या थोरल्या बहिणीकडे आलं होतं. नवरी दुबईला जाणार होती. तिच्या आईला दोघींचा एक फोटो हवा होता. नेमकी पाठवणीच्या वेळी वीज गेली, फ्लॅशही पेटेना. "आता काय अंधाराचा फोटो काढतेस गो?" नवरीची खाला, म्हणजे मावशी, हसली. आपाने आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, शंभरावरून आठशेवर नेला. "जरा रवाळ येईल खाला, पण येईल. दोघी खिडकीपाशी या, हलू नका." कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मायलेकी उमटल्या, ओल्या डोळ्यांसकट. खाला पुढे वाकून पडद्यात बघू लागली. "माझी बहीण हाय," मी कुणी न विचारताच सगळ्यांना सांगत सुटले. तो फोटो नवरीच्या आईकडे अजून आहे.