सुईणमायची जागल

आमच्या गावात आषाढ-श्रावणात मूल जन्माला घालायला सुईणमायची बंदी होती. सरकारचा असा काही कायदा नव्हता, पण सरकारचे कायदे त्या गावात फारसे कोणी पाळत नसे, हा मात्र पाळत. सुईणमाय म्हणजे आमच्या वैनगंगेकाठच्या गावातली एकुलती एक सुईण. ठेंगणी, काळीसावळी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली, आणि तोंडाने अशी फाटकी की ती गल्लीत शिरली की पुरुष माणसं दुसऱ्या गल्लीने निघून जात.

माझे यजमान तिथे शाळामास्तर म्हणून आले तेव्हा आमचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. पहिल्याच भेटीत तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मास्तरीणबाई, सावनात बाळंत होशीन तं मी येनार नाई. आताच सांगून ठेवतो." मी लाजून घरात पळाले. पुढे शेजारणीने मला सगळं समजावून दिलं. आषाढ-श्रावणात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी. बायका दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेल्या. त्यात गावापुढचा नाला भरलेला, म्हणजे एखादी अडली तर ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात न्यायला गाडी जाणार कशी?

यावर सुईणमायने शोधून काढलेला उपाय साधा होता. ती श्रावणापासून बोटांच्या पेरांवर नऊ महिने मागे मोजत जायची आणि दिवाळीवर येऊन थांबायची. दिवाळीच्या सुमाराला धान पिकायला येतं आणि रानडुकरं बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, शिरतात. तेव्हा शेतात माळा बांधून रात्रभर राखण करायची, तिला जागल म्हणतात. आळशी माणसं एरवी ती टाळायची. सुईणमाय टाळू देत नसे. दसरा झाला की ती दारोदार जाऊन पुरुषांची घोंगडी स्वतः अंगणात आणून टाकायची. "जा जागलीले! घरी तुयं काय काम हाये?"

दोन मुलांमधल्या अंतराबद्दलही तिचा नियम होता, आणि तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठरायचा. "कडेवरचं पोरगं धुऱ्यावरून आपल्या पायानं चाललं पायजे, मंग दुसऱ्याचं नाव." तिचं ऐकलं नाही तर पुढच्या बाळंतपणात ती येई, पण दोन दिवस आई-बापांना तिचं तोंड ऐकावं लागे.

एकदा चांद्याहून कुटुंबनियोजनाचे एक साहेब आले. त्यांनी शाळेच्या भिंतीवर तारखांचा तक्ता टांगला आणि पंचवार्षिक योजनेपासून सुरुवात केली. देशात तोंडं वाढत आहेत, धान्य पुरत नाही, असं ते कळकळीने सांगत होते. सुईणमाय पुढेच बसली होती. ती म्हणाली, "सायेब, धान तं डुकरं खातेत. माणसाईले जागलीले धाडा. धानबी वाचते अन् तोंडंबी कमी होतेत."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे ती वही कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर गेली देव जाणे, पण वर्षभराने आमच्या गावाला शेतकी खात्याकडून पीक संरक्षणाचं प्रशस्तिपत्र आलं. पाटलांनी ते चावडीत लावलं. सुईणमायने त्याच्याकडे बघितलंही नाही.

आता आमची गोष्ट. मास्तरांना शेत नव्हतं, म्हणून सुईणमायने त्यांना पाटलांच्या शेतातला माळा नेमून दिला. वर्ध्याला वाढलेला माणूस, पण मुकाट्याने घोंगडी घेऊन जायचा. तिसऱ्या वर्षी मात्र ऐन लक्ष्मीपूजनाला ते घरी परतले आणि म्हणाले, "माळ्याखाली अस्वल आलं होतं." त्या अस्वलावर मी आजवर विश्वास ठेवलेला नाही. त्या दिवशी मी करंज्या केल्या होत्या, एवढं मात्र खरं.

पौषात मला फोडणीचा वास सोसेना. सुईणमायने माझं मनगट धरलं, पेरं मोजली, अस्वलाची आणि करंज्यांची हकीकत माझ्याकडून काढून घेतली, आणि "सावन!" असं ओरडून ती थेट शाळेत गेली. भरल्या वर्गात तिने मास्तरांना विचारलं, "गुरुजी, पोरायले पहाडे शिकवता ना? मंग तुमाले नऊ मयने मोजता येत नाई काऊन?"

मला आई नव्हती, त्यामुळे माहेरी जाणं नव्हतंच. नाला भरण्याआधी मला ब्रह्मपुरीला हलवायचं असं सुईणमायने ठरवलं होतं. नाला त्या वर्षी आधीच भरला. आणि श्रावणातल्या एका सकाळी कळा सुरू झाल्या. येणार नाही म्हणणारी सुईणमाय सर्वांत आधी आली आणि आल्या आल्या मला, मास्तरांना, अस्वलाला, सगळ्यांना शिव्या देऊ लागली.

तिने पोटावर हात ठेवला, चाचपलं, आणि एकदम गप्प झाली. मूल आडवं होतं. त्या बाईला गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आपण मरणार, हे मला त्या गप्प बसण्यावरून कळलं. दुपारपर्यंत ती तेलाच्या हातांनी हळूहळू पोट चोळत राहिली. मग कधीतरी तिच्या हाताखाली मूल फिरलं आणि ती म्हणाली, "करंज्या खाते म्हने मास्तर!" तिच्या तोंडून पुन्हा शिव्या बाहेर पडल्या तेव्हा मी रडलेच. मी वाचणार होते.

मुलीला पुसून माझ्या कुशीत देताना ती म्हणाली, "माही लेक भागी असीच सावनात अडली होती, बाई. गाडी नाल्याच्या काठावर दोन दिवस उभी. नाला काही उतरला नाई." एवढंच बोलून ती हात धुवायला गेली. आम्ही मुलीचं नाव भागीरथी ठेवलं.

दोन वर्षांनी बल्लारपूरला बदली झाली. आमची गाडी जुंपली तेव्हा सुईणमायने मास्तरांना अडवलं. "तिथी वावर नसन तं दुसऱ्याच्या वावरात जा, पन दिवाळीत जा." बल्लारपूरला वावर कुठलं? हे दिवाळीत शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे. आमचा मुलगा फाल्गुनात झाला.

ती गेल्याचं आम्हाला जवळजवळ वर्षाने कळलं, तिथल्या नव्या मास्तरांच्या पत्रातून. सुईणमाय कार्तिकात वारली. माळ्यांवरून सगळी माणसं उतरून आली आणि दहा दिवस कोणी जागलीला फिरकलं नाही. धान डुकरांनी खाल्लं, आणि या श्रावणात गावात पाच बायका बाळंत झाल्या. इथवर मला वाचून दाखवून ह्यांनी पत्र मिटलं. मी पत्र ओढून घेतलं. पुढे लिहिलं होतं: "पाचीजणी सुखरूप आहेत. सुईणमायच्या हाताखाली तयार झालेल्या कोतवालाच्या बायकोने सगळं पार पाडलं, आणि मग पाचही नवऱ्यांना चावडीपुढे उभं करून संध्याकाळपर्यंत शिव्या दिल्या."