सूचीतून न जाणारी व्हॅलेन्सिया

मार्सेलिना आंटीने गावठाणाचं पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा गावठाण हसलं. पुस्तकाच्या शेवटी नावांची सूची येणार, कोण कुठल्या पानावर आहे ते त्यात छापणार, असं कळलं आणि हसणं बंद झालं. सूचीत आपल्याबद्दल काय छापतायत ते बघायला माझ्या दुकानात लोकांची ये-जा सुरू झाली. अंधेरीला, साकीनाक्याच्या अलीकडे, गावठाणाच्या तोंडाशीच माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नाच्या पत्रिका, भाडेकरार, चर्चमधल्या मिस्साची कार्डं, सगळं मीच करते. पुस्तकही माझ्याच गळ्यात पडलं.

आंटी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली, पण तिची जीभ काही निवृत्त झाली नाही. सूची कशी होते ते मी तिला दाखवलं. मजकुरातल्या नावावर एक खूण करायची, ती छापताना दिसत नाही, पण कॉम्प्युटर त्या खुणा हुडकून नावं आणि पानं आपोआप मांडतो. नावाखाली पोटनोंदी करता येतात, ‘पाहा अमुक’ असंही लिहिता येतं. हे ‘पाहा’ आंटीला फारच आवडलं. तिने लगेच नोंद केली, ‘नारळ, चोरीला गेलेले: पाहा लेस्टर.’ मागच्या आळीतला लेस्टर तावातावाने आला. नारळ वाऱ्याने त्याच्या अंगणात पडत होते, त्यात त्याचा काय दोष, असं त्याचं म्हणणं. आंटीने मोठ्या मनाने दुरुस्ती केली, ‘नारळ, आपोआप पडलेले: पाहा लेस्टर.’ तो खूश होऊन गेला.

खरी अडचण होती व्हॅलेन्सियाची. ती आंटीची शेजारीण, दोघींच्या घरांची भिंत एकच. लहानपणापासून एकमेकींशिवाय दोघींचं पान हलत नसे. दर मे महिन्यात दोघी मिळून अख्ख्या गावठाणाचा मसाला करायच्या आणि बियरच्या बाटल्यांत ठासून भरायच्या. तीन वर्षांपूर्वी तो सगळा मसाला बुरसला. मिरच्यांना आणखी एक ऊन हवं, असं व्हॅलेन्सिया सांगत होती, म्हणे. आंटी म्हणाली, मिरच्या कडकडीत होत्या, व्हॅलेन्सियाने धुतलेल्या बाटल्याच ओल्या होत्या. तेव्हापासून अबोला. आता व्हॅलेन्सियाची मुलगी मेलनी तिला कायमची बोरिवलीला नेणार होती, मे महिन्यातला गावठाणाच्या क्रॉसचा सण झाला की लगेच. त्याआधी भांडण मिटलं नाही तर कधीच मिटणार नव्हतं. आंटीला हे पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच ती जास्त चिडली होती.

सूची पहिल्यांदा तयार झाली तेव्हा सर्वांत जास्त पानं व्हॅलेन्सियाच्या नावापुढे आली. आंटीने माझ्या हातातला माऊस घेतला आणि ती ओळ उडवली. दुसऱ्या दिवशी तिने लग्नाच्या गाण्यांचं एक पान वाढवलं, मी सूची अपडेट केली, तर व्हॅलेन्सिया परत हजर, वर एक पान जास्त घेऊन. आंटीने पुन्हा उडवली. ती पुन्हा आली. मग आंटीने माझ्यावरच संशय घेतला. व्हॅलेन्सियाने मला खारवलेले बोंबील पोचवले असणार, असं तिचं ठाम मत झालं.

मलाही राग आला. मी म्हटलं, “आंटी, ओळ उडवून काय होणार? ती तुझ्या पानापानांत बसलीय. काढायची तर एकेका पानावर जाऊन खूण पुसायला लागेल.”

“मग चल, पुसूया,” आंटी म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

मी लपलेल्या खुणा दिसायचं बटण दाबलं. पहिली खूण विहिरीच्या पानावर होती. लहानपणी आंटी आत पडली, तेव्हा व्हॅलेन्सियाने तिला वेणीला धरून वर ठेवलं होतं. आंटी ते वाचून म्हणाली, हे राहू दे, विहीर बुजवली आता, आठवण हवी. पुढची खूण तिचा नवरा डेनिस गेला त्या पानावर होती. आंटी जेवत नव्हती आणि व्हॅलेन्सिया रोज पेज घेऊन दारात उभी राहायची. इथली खूण पुसली तर ओळी हलतील, असं आंटीने ठरवलं. ओळी अजिबात हलत नाहीत, पण मी पुढच्या खुणेवर गेले. मला तिची दया येत होती आणि हसूही येत होतं.

शेवटी मसाल्याचं पान आलं. ‘त्या वर्षी बाटल्या ओल्या राहिल्याने मसाला बुरसला,’ असं तिथे लिहिलं होतं. आंटीने ते दोनदा वाचलं. मग खुणेत पोटनोंद कशी घालायची ते तिने विचारलं आणि आधी विहिरीच्या आणि पेजेच्या खुणेत, मग इथल्या, एका बोटाने स्वतःच टाइप केलं.

मी वाचलं आणि म्हटलं, त्यापेक्षा वरचं वाक्यच बदल की.

“पुस्तकात लिहिलं ते लिहिलं. मी मागे घेत नसते,” आंटी म्हणाली. “सूची कोण वाचतो गो?”

गेला महिनाभर गावठाण माझ्या दुकानात कशासाठी येत होतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सणाच्या संध्याकाळी क्रॉसजवळ प्रार्थना झाली आणि पुस्तक वाटलं. झाडून सगळ्यांनी ते मागून उघडलं. व्हॅलेन्सिया शेवटच्या खुर्चीवर चष्मा लावून बसली होती. तिच्या नावाखाली ओळी होत्या: ‘विहिरीतून काढलं’, ‘पेज आणली’, आणि शेवटी ‘मिरच्यांबद्दल बरोबर होती’. तिने मसाल्याचं पान काढलं, ओल्या बाटल्यांचं वाक्य वाचून नाक मुरडलं आणि परत सूचीवर आली. शेवटच्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

पुढच्या आठवड्यात मेलनी टेम्पो घेऊन आली. आंटीच्या गच्चीवर मिरच्या पसरल्या होत्या आणि व्हॅलेन्सिया त्या काठीने खालीवर करत होती. मेलनीने खालून विचारलं, ममा, निघायचं कधी? “मिरच्या वाळल्या की,” वरून उत्तर आलं.

आंटीने एक मिरची उचलून मुठीत दाबली. कडकन मोडल्याचा आवाज मला खाली रस्त्यावर ऐकू आला.

“ओल्या आहेत अजून,” आंटी म्हणाली.