एरियलवरचं कुंकू

साठच्या दशकात मी हवाई दलात हेलिकॉप्टरचा मेकॅनिक होतो. एकदा पाहणीच्या कामासाठी आम्ही येरमाळ्याच्या माळावर उतरलो. जवळच्याच आमच्या वाशी गावाहून आई भेटायला आली. मी चहाला गेलो होतो, तेवढ्यात माझी आई म्हणून पहाऱ्यावरच्या शिपायानं तिला हेलिकॉप्टरभोवतीच्या दोरीच्या आत सोडलं. नवी बैलगाडी पुजतात तसं तिनं हेलिकॉप्टर पुजलं. येरमाळ्याच्या येडाई देवीचं कुंकू तेलात कालवून नेमकं शेपटाखालच्या एरियलला फासलं. आम्हाला दिशा सापडायची ती त्या एरियलवर.

उड्डाणाआधी एरियल तपासून, पुसून स्वच्छ करायची, हा सक्तीचा नियम. तेलाचा थेंबही चालत नसे. आईला दोरीपलीकडं उभं केलं आणि तिच्यादेखत फडक्यानं सगळं पुसून काढलं. राग आला होता. कुणाचा, ते कळेना.

"पुसलंस व्हय?" ती म्हणाली. "मग तेच तुझ्या कपाळाला तरी लाव."

तेवढ्यात पायलटनं हाक मारली. पंखा फिरला, धुरळा उठला. वरनं पाहिलं तर माळावर माणूस ओळखू येईना. फडकं अजून माझ्या हातातच होतं. त्यातलं कुंकू मी बोटानं कपाळाला लावलं. नीट लागलं का, हे सांगायला आई जवळ नव्हती.