बाबांच्या कानाची मशीन

आमच्या आईला हळू बोलायचं होतं. एवढीच तिची हौस. बाबांचे कान गेले तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट तिला ओरडून सांगावी लागे. मीठ संपलं हे आधी शेजारणीला कळायचं, मग बाबांना. मोहफुलं वेचायला दोघं जंगलात जात तेव्हा तर हाका मारून मारून तिचा घसा बसायचा. वाघाच्या रानात ऐकू न येणारा माणूस सोबत घेऊन फिरायचं म्हणजे तिचा जीव सारखा टांगणीला. म्हणून तेंदूपत्त्याचे पैसे खात्यात आले तसं तिने ठरवून टाकलं, यंदा कानाची मशीन घ्यायची.

मी चंद्रपूरला राहते. इथे डॉक्टरला दाखवून घेऊ, असं मी म्हणत होते. पण आमचं गाव आलापल्लीच्याही पुढे, बाबांना बस सोसत नाही, आणि तेवढ्यात आईला मोबाइलवर जाहिरात दिसली. अर्ध्या किमतीत मशीन, तीही घरपोच. तिने बोट ठेवलं, आपला नंबर भरला, आणि लगेच एका माणसाचा फोन आला.

आता, आमच्याकडे माणूस पारखायची एक रीत आहे. बाजारात नवा दुकानदार दिसला की आधी भाव विचारत नाहीत, गाव विचारतात. मग घर, मग सोयरीक. कुठेतरी धागा लागतोच, आणि लागला की तो माणूस आपला. आई यात पटाईत. बांगडीवाल्याचं आजोळसुद्धा ती बोलता बोलता काढायची, आणि कोणी थाप मारली तर चेहऱ्यावरून ओळखायची. फोनवर काय काय झालं ते तिने मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं.

"कोन्या गावचे जी तुमी?" तिने विचारलं.

"इकडचाच आहे, बाई."

"इकडचे म्हंजे मूल गावचे का?"

"हो, मूलचा."

"बसस्टँडच्या मांगं राह्यता का?"

"तिथेच."

"माई बहीन तेथीच देली आहे ना!"

"मग तुम्ही माझ्या मावशीच झाल्या."

सगळी उत्तरं तिनेच त्याच्या तोंडात घातली होती. समोर असता तर त्याला तिने तिथल्या तिथे पकडलं असतं. फोनमध्ये चेहरा कुठून यायचा? मावशीने भाच्याला घराचा पत्ता दिला, चहाला बोलावलं, आणि बुकिंगसाठी म्हणून त्याने मागितलेला मेसेजमधला नंबरही वाचून दाखवला. मशीन आली नाही. खात्यातले पैसे मात्र सगळे गेले.

मी मिळेल त्या बसने गावी गेले. बँकेत सांगितलं, पोलिसांत तक्रार दिली, पण हाती काही लागलं नाही. घरी येऊन मी आईवरच भडकले. "अनोळखी माणसाला नंबर सांगू नको म्हणून कितीदा बजावलं होतं तुला!"

"तो अनोळखी कुठी होता वं?" ती म्हणाली. "मूलचा होता."

त्या लबाडाचा राग मला आजही येतो. पण पैशांपेक्षा जास्त वाईट या गोष्टीचं वाटतं, की त्या दिवसापासून आईने कोणाला गाव विचारलं नाही. बांगडीवाला दारात आला की ती आत निघून जाते. माझ्या फोनवर हं, हूं. बाबांना तर आता ती हातानेच खुणा करते. गल्लीत आमच्या घराचा आवाज येत नाही, आणि जिला एरवी त्याचा त्रास व्हायचा ती शेजारीणसुद्धा मला विचारते, "बाईले बरं नाई का?"

दिवाळीनंतर मी बाबांना कसंबसं चंद्रपूरला आणलं, कान तपासून घेतले आणि मशीन बसवली. मग त्यांना सोडायला गावी गेले. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं, मशीन पाहिली, पुन्हा परातीत मान घातली. बाबा ओट्यावर बसून कोंबड्यांचं, भांड्यांचं, बाहेरच्या हापशीचं ऐकत राहिले.

"कशी आहे मशीन?" मी अगदी हळू विचारलं.

"चांगली आहे. सारं आयकू येऊन राह्यलं," ते म्हणाले. मग दारातून आत बघत त्यांनी विचारलं, "पन तुई माय काऊन काईच बोलत नाई?"