मेल्विन बरोबर होता म्हणे

मेल्विन गेला आणि आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी एका दिवसात त्याचं म्हणणं मान्य करून टाकलं.

मला याचा भयंकर राग आलाय.

तो वसईचा, मी नाशिकचा. दोहात एकाच ऑफिसात. कंपनीने पूर्वी त्याला ह्यूस्टनला पाठवलं होतं, तिथून बेसबॉलचं वेड घेऊन आला आणि मलाही लावलं.

सध्या इथे फुटबॉल वर्ल्ड कपशिवाय विषय नाही. कुठला रस्ता बंद, कुणाला कुठलं तिकीट लागलं.

आणि आम्ही दोघं दर शुक्रवारी दोहाबाहेर, उम्म सलाल मोहम्मद भागात, त्याच्या घरी भांडायचो, की सगळ्यात मोठा पिचर कोण. पिचर म्हणजे आपला बोलर समजा.

माझं म्हणणं साधं. जो वर्षानुवर्षं टाकत राहिला, ज्याचे स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटला बॉल लागू न देता बाद केलेले बॅटर, सगळ्यात जास्त, तो मोठा.

"टिकला म्हणून मोठा? मग आपला एचआरवालाही ग्रेटच."

"मग तुझा हिशोब काय?"

"त्याच्या काळातले बाकीचे बघ. सगळ्यांची धुलाई होत असताना ज्याने रन दिले नाहीत, तो. भले पाचच वर्षं टाकू दे."

"पाच वर्षांत काय सिद्ध होतं?"

"सगळं."

ग्रुपवर लोक वैतागायचे. "खलास करा रे आता, फुटबॉलवर बोला." त्याच्या बाजूने कधी एकजणही बोलला नाही.

मागच्या महिन्यात ऑफिसला येताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. गाडी बाजूला घेतली, स्वतःच ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पन्नाशीही गाठली नव्हती.

बॉडी वसईला नेली. बायको लीना आणि मुलगी रिया सोबत गेल्या. मी नाही गेलो. वर्ल्ड कप संपेपर्यंत रजा बंद.

मॅनेजर म्हणाला, "आय अंडरस्टँड, बट..."



आणि ग्रुपवर? "मेल्विन वॉज राइट." "तोच जिंकला." हात जोडलेले इमोजी. पिचर म्हटलं की ज्यांना पाण्याचा जग आठवतो, त्यांनीसुद्धा.

अरे, त्याला असं जिंकायचं नव्हतं. त्याला समोर भांडणारा माणूस हवा होता.

मी मान्य केलेलं नाही. करणारही नाही.

रियाची बारावी आहे, म्हणून त्या दोघी परत आल्या. काल इथल्या चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा होती. नंतर पार्किंगमध्ये रिया भेटली. 

म्हटलं, "तुझ्या पप्पाशी माझा वाद अर्धवट राहिला गं."

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं.

"अंकल, यू वर बोथ राँग."

मग तिने समजावलं. रन एकटा पिचर अडवत नाही. त्याच्या मागे माणसं उभी असतात. ती चांगली असली की कुणाचेही आकडे छान दिसतात. तुम्ही दोघांनी त्यांना कधी मोजलंच नाही.

"पप्पाला सांगितलं होतंस हे?"

"येस. ही सेड, प्रूव्ह इट."

मी म्हटलं, "पण स्ट्राइकआउटमध्ये फिल्डर कुठे आला?"

"कॅचर?" ती म्हणाली.

कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर. मी तिथेच अडकलो. ती सोडेना. मीही सोडेना. लीनाने थोडा वेळ ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमचं चालू दे. मी गाडीत बसते."

मेल्विन, तुझी पोरगी माझ्याशी नीट भांडते.

शांतपणे पड आता. निरोप, मित्रा.